रुमालातलं विरजण

“मळका दिसला म्हणून कपड्यांबरोबर धुतला, बाबा,” रुमाल हातात धरून जावई चाचरला.

यशवंतरावांनी रुमाल घेऊन हुंगला. वाईचं घर सहा महिन्यांसाठी बंद करताना त्यांनी तो रुमाल दह्यात भिजवून वाळवला होता. दर खेपेला त्यांची पत्नी कुमुद असंच विरजण इथे टोरांटोला आणायची. ती गेल्यावर तिचं दही त्यांनी एकट्यानं जगवलं होतं.

“आता संपलं,” ते म्हणाले.

“संपतंय कसलं!” मुलगी वाटी घेऊन उठली. “समोरच्या इराणी मावशींना आईनं गेल्या वर्षी विरजण दिलं होतं. त्या अजून तेच लावतात. चला!”

मावशींनी हसत वाटी काठोकाठ भरली. यशवंतरावांनी ती दोन्ही हातांत धरली.

“माझं बिघडलं तर तुमच्याकडे येईन,” ते मराठीतच म्हणाले, “आणि तुमचं बिघडलं तर खुशाल वाईला या.”