चहाच्या वेळचे हुंकार

भाषेच्या मॅडमनी घरचा अभ्यास दिला होता: चहाच्या वेळचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि हुंकारांसकट शब्दन् शब्द उतरवून आणा.

लग्नानंतर उशिरा कॉलेजात शिरलेल्या एका बाईला हे काम सोपं वाटलं, कारण तिचा नवरा हुंकारांच्या बाबतीत भलताच काटकसरी. ती बोलायची, तो पेपर वाचायचा.

रेकॉर्डिंग उतरवायला तिने हेडफोन लावला आणि नवऱ्याचे हुंकार ऐकू आले, तेही भरघोस, कौतुकाचे. "हं... मग?... अगं, काय सांगतेस!" समोर बसून तिला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. आणि तिच्या वाक्यानंतर तर एकही नव्हता. सगळे ती चहाचा घोट घेत होती तेव्हाचे.

"हुंकार एकटा येत नाही," तिने उतरवून आणलेलं वाचून मॅडम म्हणाल्या. "त्याआधी कुणीतरी बोललेलं असतं. तेच तुम्ही गाळलंत."

बाईचा तिळपापड झाला. इतक्या लाडानं 'अगं' तो तिला नव्या नवलाईतही म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाला तिने फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

"आज रेडिओ बंद का?" नवऱ्याने विचारलं. पुढे चहा पिण्यापलीकडे त्याने तोंड उघडलं नाही. ती त्याच्या ओठांवरच नजर रोखून होती.

मग तिने हेडफोन लावला. रेकॉर्डिंगमध्ये रेडिओचा टोमणा झाल्यावर नवरा हसला. बराच वेळ, मनापासून हसत राहिला. तिचा जीव जळत होता.

एकदम तो कुजबुजला, "हळू बोल गं. ती हे नंतर ऐकते."