हाताला गुण

आमचे हे देशाच्या संघात राखीव विकेटकीपर. पहिल्याला दुखापत झाली, तरच यांचा नंबर. पहिला म्हणजे तो धडाकेबाज. बॅटिंगला उतरला की चेंडू थेट प्रेक्षकांत. कीपिंग करून त्याची बोटं सुजायची, आणि मॅचच्या सकाळी तो हात पुढे करून यांच्यासमोरच बसायचा. मला भेटला की म्हणायचा, "वहिनी, पट्टी बांधावी तर यांनीच. हाताला गुण आहे!"

त्याच्या निवृत्तीच्या समारंभात तो म्हणाला, "यांच्यामुळे माझी एकही मॅच चुकली नाही." सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. एकही मॅच न खेळलेले आमचे हे डोळे पुसत होते.

घरी येताना मी म्हटलं, "अहो, एखाद्या दिवशी बांधायची की पट्टी जरा सैल!"



"काहीतरीच काय! दुखलं असतं ना गं त्याला."