आईचं घंगाळ

गंगेकाठच्या या इस्पितळाच्या दारात पूर्वी सगळेच सिगारेटी ओढत, अगदी डॉक्टरसुद्धा. आमचे वडील, नानाही आईला "आलोच गं" म्हणून ओढायला बाहेर आले आणि तेवढ्यात आत तिनं प्राण सोडला. तेरावं झाल्यावर तिचंच अंघोळीचं पितळी घंगाळ त्यांनी गंगेच्या वाळूनं भरलं, त्यावर तिचं नाव कोरून घेतलं आणि थोटकं विझवायला इथे आणून ठेवलं. तेव्हा लोकांनी हात जोडले होते. आता इथे काडी पेटवली तरी लोक डोळे वटारतात. "ले जाइए बाबूजी, इस पर माताजी का नाम अच्छा नहीं लगता," गार्ड अदबीनं म्हणाला. पौषातलं धुकं होतं. वाळू उपसायला नानांनी हात घातला आणि ते थबकले. "गरम आहे रे अजून." मीही हात घातला. वाळू धुक्याहून गार होती. नानांनी हात काढला नाही. दाराकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "आलोच गं."