नदीतले चौघे

बुद्धरत्नच्या खात्याचा पासवर्ड हाती लागला तर शिवराजला आठ हजार मिळणार होते. बेंगळुरूचा एक गडी बुद्धरत्ननं काढलेले खेळाचे नकाशे घ्यायला तयार होता. कमलनगरहून जनवाड्याला यायचं-जायचं पेट्रोल दोनशेचं धरलं, तरी सात हजार आठशे राहत होते. खेळातल्या बाकी तिघांना सांगायची काही गरज नव्हती.

पाचजण दर रविवारी मोबाइलवर कहाणीचा खेळ खेळायचे. बुद्धरत्न गोष्ट सांगायचा, हे चौघे तिच्यातली माणसं व्हायचे. कोण जगलं, कोण बुडालं ते फासे ठरवायचे. नकाशे, फासे, सगळं एका वेबसाइटवर, महिना नऊशे रुपये. भिशीसारखी पाळी लावली होती. चौघांचे चार महिने भरून झाले, बुद्धरत्नची पाळी आली आणि जीप उलटून तो गेला. पाच महिने उलटले. चौघांतल्या कुणीही त्यानंतर रुपया भरला नव्हता.

खातं बंद पडलं असणार, पासवर्ड मिळाला तर ते उघडून घेता येईल, असा शिवराजचा अंदाज. पण सकाळी आपल्या दुकानात बसून, पाच महिने बंद ठेवलेले वेबसाइटचे मेसेज परत सुरू करून बघितलं, तर सगळं चालू. वर बुद्धरत्नच्या नावापुढं हिरवा ठिपका. म्हणजे त्या घटकेला तो आत होता.

म्हणून आता जनवाड्यात बुद्धरत्नच्या आईनं, सावित्रीबाईंनी दिलेला चहा बाजूला ठेवून त्यानं थेट विचारलं.

"मावशी, बुद्धरत्नचा मोबाइल कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं." म्हातारीनं तो पदराआडून काढला. "पाच तारखेला मेसेज येतंय. मग राजश्री पैसे भरती."

राजश्री म्हणजे तिची लेक. आतल्या खोलीत तिचं शिलाई मशीन चाललं होतं.

"तुम्ही कामून भरायलाव? त्याची एक सोडली, तर बाकी पाळ्या आमच्या होत्या."

"व्हय, तुमच्याच होत्या. भरल्या का?" म्हातारी हसली. "भिशी ज्यानं धरली, बुडव्यांचं त्यानंच भरायचं असतंय, बाबा. चौदा वर्सं गल्लीची भिशी धरलीय मी. शांतम्मा मेली, तरी तिच्या घरच्यांनी तिच्या पाळ्या फेडल्या."

नऊ पंचे पंचेचाळीस. चार हजार पाचशे. शिवराजच्या डोक्यात आकडा आपोआप पडला.

"मावशी, ही तसली भिशी न्हाई. ह्यात उचल नसती. भरलं ते गेलं."

"ठाव हाय. राजश्रीनं पहिल्याच महिन्यात सांगितलंय."

तिनं मोबाइल त्याच्याकडं वळवला. पडद्यावर बुद्धरत्नची नदी होती, काठाला दाट बाभळी. मधोमध चार गोल चकत्या, प्रत्येकीवर नाव. दुसऱ्या चकतीवर शिवराज.

"रोज उघडून बघते. तुम्ही चौघं पाण्यातच उभे हाव. मी म्हणते, न्हाई भरलं तर ही बिचारी बुडायची न्हाईत का? पुढं कामून सरकनाव रं?"

"नदीपल्याड काय हाय, ते त्यालाच ठाव होतं, मावशी."

अंगठ्यानं म्हातारीनं त्याची चकती हळूच काठाकडं ओढली. बोट उचललं तशी चकती परत पाण्यात जाऊन थांबली.

"ही असंच करती," ती म्हणाली. "तू कशाला आलतास?"

"असंच. भेटायला."

आज पाच तारीख होती. शिवराजनं खिशात हात घातला, नोटा बोटांना लागल्या. तेवढ्यात आतलं मशीन थांबलं, आणि त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर मेसेज आला: पुढचा महिना भरला. भरणार: बुद्धरत्न.

म्हणजे दहा महिने झाले. जिवंत चौघांनी मिळून भरले चार, मेलेल्यानं एकट्यानं सहा.