आसरा

"दुखलं का गं?" गालावर पट्टी लावता लावता लेकीनं विचारलं.

आईनं मान हलवली. गोठ्यातली बारीक माशी चावल्याचं निमित्त झालं आणि गालावरचा फोड चिघळत गेला. अशी माशी कातडीत जे परजीवी सोडते, त्यांच्यावरच डॉक्टर लेकीचं संशोधन चाललं होतं. फोडाच्या कडेचा मसुराएवढा तुकडा आता तिच्या हातातल्या बाटलीत होता.

"एवढं शिकलीस, ते शेवटी माझ्या गालाच्या कामी आलं," आई म्हणाली. "माशीला पत्ता बरोबर सापडला."

तेवढ्यात विभागप्रमुख तपासणीच्या खोलीत आले. मागे सहकारी. सगळ्यांची नजर आईच्या शेण वाळलेल्या चपलांवर गेली.

"या कोण?"

घराबद्दल लेकीनं इथं कधी अवाक्षर काढलं नव्हतं. आईनं तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती लगबगीनं उठली.

"पेशंट आहे साहेब. मॅडमचा हात फार हलका. येते हं मॅडम."

घरी गेल्यावर आईशी बोलू, असं लेकीनं ठरवलं. घरी गेल्यावर मात्र आईनंच विषय काढू दिला नाही. जेवायला वाढलं, दुभत्या गाईचं कौतुक सांगितलं. सकाळी धार काढताना ती बसल्या जागी गेली. फोडाचा त्यात काही दोष नव्हता. हृदय थांबलं होतं.

लेक कामावर परतली तेव्हा सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. आई गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. प्रमुखांनी थोडा वेळ जाऊ दिला, मग तिला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं.

काचेच्या बशीत त्या तुकड्यातल्या पेशी वाढल्या होत्या. जखमेत धागे विणून कातडी सांधणाऱ्या, लांबट, शांत पेशी. कातडी उरली नव्हती, तरी त्यांचं विणणं चालूच होतं. आणि त्यांच्याच पोटात परजीवी दडून बसले होते.

"पाहिलंत?" प्रमुख खुशीत म्हणाले. "या पेशी त्यांना मारत नाहीत. उलट आसरा देतात. इतकं स्वच्छ मी आजवर पाहिलं नव्हतं. गोठ्यातल्या त्या बाईंना पुन्हा बोलवा. आणखी एक तुकडा लागेल."

तिनं डोळा भिंगावरून काढला नाही. धागे पुसट झाले, मग दिसेनासे झाले.

"त्या येणार नाहीत."

"का? पत्ता नाही घेतलात?"

तिनं मान वर केली. खोलीत सगळे होते, त्या दिवशी होते तेवढेच.

"सर, तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, या कोण म्हणून," ती म्हणाली. "ती माझी आई."