मशीन काय शिकलं

सकाळपासून मशीननं एकही पाकीट फेकलं नव्हतं, आणि दाराजवळच्या स्टुलावर बसलेल्या लालीबाईचा जीव नुसता खालीवर होत होता.

बोरी अरबच्या रस्त्यावरची ती तूरडाळीची मिल. पट्ट्यावरून किलोकिलोची पाकिटं एकामागून एक सरकत होती. प्रत्येकावर मालक सदाशिवरावांचा फोटो, डोक्याला फेटा, तोंडभर हसू. वर कॅमेरा, बाजूला लोखंडी दांडी. कॅमेऱ्याला पाकीट खराब वाटलं की दांडीनं ते टोपल्यात ढकलायचं, असं ठरलेलं. दोन महिने लालीबाई पट्ट्याशी बसून खराब पाकिटं उचलत होती आणि कॅमेरा वरून पाहून शिकत होता. आज त्याची परीक्षा. तो पास झाला की सोमवारपासून लालीबाईला सुट्टी, कायमची. मालकानं हे सकाळीच सांगून टाकलं होतं, तेही चहा पाजून.

"एक बी खराब नाही!" सदाशिवराव खुशीत म्हणाले. "पाह्य लालीबाई, याले म्हंते काम."

लालीबाईचे कान पट्ट्याकडे होते. ज्याचा सांधा नीट चिकटलेला नसतो, ते पाकीट रोलरखालून जाताना बारीकसं 'सूं' करतं. वीस वर्षं ती त्या आवाजावरच काम करत आली होती. आता पुन्हा 'सूं' झालं आणि पाकीट खुशाल पुढे निघून गेलं. तिची बोटं शिवशिवली. गप बस, ती स्वतःलाच म्हणाली, तुले काय करा लागते? पण पुढच्या 'सूं'ला ती उठलीच.

"अवं पोरी, फुटकं हाये ते!"

"मावशी, हात नका ना लावू, चाचणी चालू आहे," कॅमेरा बसवायला पुण्याहून आलेली अर्पिता ओरडली.

हात लावायची वेळच आली नाही. लालीबाईचा हात पट्ट्यावर आला मात्र, दांडी हलली. टप्. पाकीट टोपल्यात.

"पकडलं पाहा!" सदाशिवरावांनी टाळी वाजवली.

लालीबाईनं मात्र हात तसाच ठेवला. पुढचं पाकीट चांगलं होतं. टप्. तिनं हात मागे घेतला. 'सूं' करत एक फुटकं आलं, ते सुखरूप पार झालं. पुन्हा हात पुढे. टप्. चांगलं.

अर्पिता धावत स्क्रीनकडे गेली. मशीन जिथे पाहतं तिथे स्क्रीनवर लाल चौकट उमटते. ती चौकट पाकिटावर नव्हती. लालीबाईच्या हातावर होती, मनगटापासून कोपरापर्यंत चढवलेल्या पांढऱ्या बलियांवर.

"दोन महिने हे शिकून काय राह्यलं होतं मंग?" सदाशिवरावांनी विचारलं.

"मले पाहून राह्यलं होतं, मालक," लालीबाई म्हणाली. "डाळ त्यानं पाह्यलीच नाही."

खोकी चिकटवणाऱ्या बाया खो खो हसल्या. लालीबाईलाही आतून इतका आनंद झाला की तिचं तिलाच कसंतरी वाटलं.

"चूक माझी आहे, सर," अर्पिताचा चेहरा उतरला होता. "पुन्हा शिकवावं लागेल. मावशी, तेवढे दिवस ह्या बांगड्या काढून बसाल का?"

"काढ न वं," सदाशिवराव म्हणाले. "त्यात काय हाये?"

हसू थांबलं. बंजारा तांड्यातल्या बाईच्या बलिया कधी उतरतात, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मालकालाही ठाऊक होतं.

"मालक," लालीबाई सावकाश म्हणाली, "सकाळी धनसिंगनं दोन कप चहा पेला. भाकर घिऊन वावरात गेला. चांगला धडधाकट हाये माया नवरा. कायले काढू?"

सदाशिवरावांचे कान लाल झाले. "मंग राह्य घरी! दुसरी बाई बसवतो. बिनाबलियाची."

"पण दुसऱ्या कुणाला कळतं का, सर, फुटकं कोणतं ते?" अर्पितानं हळूच विचारलं.

सदाशिवरावांनी खोकी चिकटवणाऱ्या वच्छलाबाईकडे पाहिलं. वच्छलाबाईनं हातातल्या खोक्याकडे पाहिलं.

"बसवा न," लालीबाई म्हणाली. तिनं खुंटीवरचा डबा काढला, पदर खोचला. चालत पट्ट्यापाशी आली आणि थांबली.

एक पाकीट येत होतं. टम्म भरलेलं, सांधा पक्का. एरवी डोळे मिटूनही तिनं ते जाऊ दिलं असतं. तिनं बलियांनी भरलेला हात कॅमेऱ्याखाली लांब केला.

टप्.

फेट्यासकट, तोंडभर हसत, सदाशिवराव डोक्यावर टोपल्यात पडले.