तिसरा कंदील

पहिला कंदील आईनं पलंगावर पडल्या पडल्याच नापास केला.

"कसला हा भगभगीत उजेड. दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

लेकीनं पडदे ओढून घेतले होते, खिडकीच्या फटींत जुने टॉवेल कोंबले होते. बाहेर टळटळीत दुपार आणि खोलीत मिट्ट काळोख. खालच्या दुकानातून तिनं तीन एलईडी कंदील पारखायला आणले होते. आवडेल तो ठेवा, बाकीचे परत करा, फक्त आपटू नका, असं दुकानदारानं बजावलं होतं. आता आपटल्याशिवाय टिकाऊ कोणता ते कळायचं कसं? अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आईचा डावा हात लुळा पडला होता. उजव्यातूनही रोज काही ना काही निसटायचंच. जीभ तेवढी शाबूत होती, उलट जास्तच परजली गेली होती.

संध्याकाळी वीज जायची ती तासन्‌तास यायची नाही. अंधारात आईचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून लेकीला संध्याकाळी घर सोडता येत नसे. घरीच उशांच्या अभ्र्यांना शिलाई मारत बसायचं, एवढंच तिचं जग. आता इस्पितळाच्या धुलाईखान्यातून बोलावणं आलं होतं. संध्याकाळच्या पाळीची मुकादम. चार माणसांत ऊठबस, हाताखाली माणसं. उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. मधल्या वेळात डोकावून जाईन, असं शेजारीण म्हणाली होती. जेवायच्या वेळेला लेक घरी परत. सगळं अडलं होतं ते या एका दिव्यापाशी. वीज गेल्यावर आईनं आपल्या हातानं कंदील लावला, की झालं.

तसा पहिल्याचा उजेड झकास होता. पार कपाटापाशी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येत होती. पण पलंगाच्या उंचीवरून सोडला, तर झाकण उडालं आणि सेल गडगडत पलंगाखाली गेले.

"वरून नुसता झगमगाट, आत ठणठण गोपाळ," आई म्हणाली.

दुसरा दणकट. आपटला, लाथाडला, तरी ढिम्म. पण उजेड मिणमिणता, आणि बटण असं घट्ट की लेकीलाच दोन्ही अंगठे लावावे लागले.

"हा तुझ्या बापावर गेलाय. मनात आलं तरच पेटणार."

दोघी हसल्या. लेकीला वाटलं, आज जमतंय.

तिसरा तिनं काल सकाळी लावून न्हाणीत ठेवला होता, तो अजून तसाच चालू होता. उजेड डोळ्यांत न खुपणारा, तरी पुरेसा. बटण चांगलं रुंद, नुसत्या तळव्यानंही दबेल असं. बुडाला रबर. खाली सोडला, तर एक उडी मारून उभाच राहिला, लागलेलाच.

आई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. खोड काढायला जागा सापडेना.

"रंग कसला मेला शेवाळी," ती शेवटी म्हणाली.

"अंधारात रंग कुणाला दिसतोय? हे बघ, मी दाराबाहेर जाते. वीज गेलीय आणि मी घरात नाही, असं समज. तू लाव."

"आणि नाही लागला तर?"

"लागेल."

कंदील बंद करून तिनं तो आईच्या उजव्या हाताशी ठेवला, बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. बाहेरचा बोळ बिनखिडकीचा, तिथंही काळोखच. ती भिंतीला टेकून उभी राहिली. हा बोळ, या दोन खोल्या, ते शिलाईचं मशीन. सगळा जन्म इथंच सरायचा की काय?

"अगं," आतून हाक आली. लेकीनं ओठ घट्ट मिटले. "अगं ए, आहेस का तिथं?"

ओ द्यायची नाही, तिनं स्वतःला बजावलं. आज ओ दिली की संपलं.

मग टक्‌ असा आवाज झाला आणि दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी तिच्या पावलांवर आली.

तिला रडूच फुटलं. उद्या काय बोलायचं, कोणती साडी नेसायची, सगळं एका क्षणात ठरलं. लेकीनं डोळे पुसले आणि कडीला हात घातला.

पुन्हा टक्‌ झालं. पावलांवरचा उजेड गेला.

"अगं," आतून आई म्हणाली. "हाही लागत नाही गं."

लेक कडी धरून तशीच उभी राहिली. अंधाराला एवढी भिणारी बाई, आणि तिनं आपल्या हातानं अंधार केला होता. लेकीला संताप आला, आणि तिची कीवही आली. आत जाऊन म्हणावं, मी पाहिलंय. पण तसं म्हटलं असतं तर आई रडली असती, आणि रडता रडता मला सोडून जाऊ नको, असं बोलून गेली असती. इतकी वर्षं दोघींनी तेवढं एक टाळलं होतं. ते एकदा ऐकलं की मग सुटकाच नव्हती.

तिनं दार उघडलं, खिडकीतले टॉवेल काढले. आई पलंगावर बसली होती, कंदील मांडीवर घेऊन. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

"बरं," लेक म्हणाली. "उद्या दुसऱ्या दुकानात बघते."

"सावकाश बघ की," आई म्हणाली. "आपल्याला कुठं जायचंय?"